कुत्र्याच्या पिसवा आणि चार तारा

‘माय डॉग हॅज फ्लीज.’ म्हणजे, माझ्या कुत्र्याला पिसवा झाल्यात! आता सांगा, अशा तक्रारीने एखादं वाद्य सुरात लागेल का? लागतं की! युकुलेले वाजवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तारा लावल्या त्या याच वाक्यावर.

तारा चार, शब्द चार. छातीशी धरलेल्या युकुलेलेची सगळ्यात वरची तार छेडायची आणि ‘माय’ गायचं, पुढच्या तारेवर ‘डॉग’, मग ‘हॅज’, मग ‘फ्लीज’. चाल जुळली की वाद्य लागलं! पांढरी एकचा सा धरलात, तर हे सूर होतात प, सा, ग, ध. चारही भूपातले, राहिला तो फक्त रिषभ.

पण क्रम पाहिलात? गिटारच्या तारा खालच्या सुरापासून पायरीपायरीने चढतात. इथे पहिली तारच उंच, दुसरी एकदम खाली आणि मग चढण. चारही सूर एकाच सप्तकात: ‘डॉग’ सेकंदाला सुमारे २६२ कंपनांचा, ‘फ्लीज’ ४४० चा. म्हणून तर एका फटकाऱ्यात चौघं इतके दाटीने एकमेकांत मिसळतात. आणि हे ४४० म्हणजे काय, ठाऊक आहे? आज जगभर प्रमाण मानला जाणारा सूर. तो नेमका पिसवांच्या वाट्याला आलाय!

ही अजब मांडणी आली कुठून? २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून होनोलुलूला पोचलं. उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या माणसांत तीन सुतार होते: न्युनेस, दियाश आणि एश्पिरितु सान्तु. मदेरात ‘मशेत’ नावाचं चिमुकलं चारतारी वाद्य होतं आणि ‘रजाँव’ नावाचं पाचतारी. या सुतारांनी होनोलुलूत घडवलेल्या युकुलेलेने अंगकाठी घेतली मशेतची आणि सूर घेतले रजाँवच्या चार तारांचे. हवाईचा राजा कालाकाउआ त्याच्यावर लुब्ध झाला.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनात हवाईचं संगीत घुमलं आणि अमेरिकेला युकुलेलेचं वेड लागलं. क्लिफ एडवर्ड्स तर ‘युकुलेले आइक’ म्हणूनच गाजला. १९४० च्या डिस्नेच्या ‘पिनोकिओ’तल्या जिमिनी क्रिकेटचा आवाज त्याचाच. वाद्य घरोघरी गेलं, पण सूर लावून द्यायला गुरू कुठून आणणार? तिथे पिसवा धावून आल्या. विनोदी नटांना तर आयती गंमतच मिळाली: तारा लावता लावताच प्रेक्षक हसायला लागायचे.

आता खरी कमाल ऐका. त्या काळात अमेरिकेत अनेकजण युकुलेले एक स्वर वर, पांढरी दोनला लावत. म्हणजे चारही तारांचे सूर बदलले. आणि वाक्य? काना-मात्राही हलली नाही! कारण त्यात सूर साठवलेले नाहीतच. साठवलीत ती सुरांमधली अंतरं. गायकाने पट्टी बदलली तरी अभंग तोच राहतो ना? आपला मेंदू चाल लक्षात ठेवतो ती अशी, अंतरांनी.

तेव्हा पेटीवरून एक तार मिळवून घ्या. उरलेल्या तीन लावायला कानात बसलेली चाल पुरते, मग घरात कुत्रा असो वा नसो.