भोकं पाडली, म्हणून पूल टिकला!

दगडी पूल मजबूत करायचा तर काय कराल? 'अजून दगड घाला' हेच उत्तर आधी सुचतं ना? पण वेल्समधल्या पाँटिप्रिद गावचा जुना पूल दगड कमी केल्यावर उभा राहिला. मी सॉफ्टवेअरवाला. कोड काढून टाकल्यावर सिस्टीम सुधारते हे कामात बऱ्याचदा दिसतं, म्हणून हा किस्सा मला विशेष आवडतो.

काम आणि अट

१७४६ मध्ये टॅफ नदीवर पूल बांधायचं काम विल्यम एडवर्ड्स या तरुण गवंड्याला मिळालं. रक्कम ५०० पौंड आणि सात वर्षांची हमी. म्हणजे मुदतीत पूल पडला तर पुन्हा बांधायचा, तोही स्वतःच्या खर्चाने.

पूल तीनदा पडला

पहिल्या पुलाचे खांब नदीच्या पात्रात होते. पुरात वाहून आलेली झाडं त्यांना अडकली, मागे पाणी तुंबलं आणि पूल गेला. मग एडवर्ड्सने ठरवलं, पात्रात खांबच नकोत. या काठापासून त्या काठापर्यंत एकच कमान.

पण कमान पूर्ण जुळेपर्यंत दगड स्वतःहून उभे राहत नाहीत, त्यांना खालून लाकडी सेंटरिंग लागतं. दुसऱ्या वेळी सेंटरिंगच ढासळलं.

तिसरा पूल पूर्ण झाला. थोड्याच काळात कमानीच्या माथ्यावरचे दगड उचकटले आणि तोही कोसळला. गंमत म्हणजे माथा खाली दबला नव्हता, तो वर ढकलला गेला होता!

असं का झालं?

एक साखळी दोन्ही टोकांना धरून लोंबती सोडा. तिला जो आकार येतो तो उलटा केला की कमानीतून जोर कुठल्या रेषेने वाहतो ते कळतं. रॉबर्ट हूकने ही कल्पना १६७५ मध्येच मांडली होती. आता साखळीच्या दोन्ही बाजूंना थोडं वजन अडकवा. बाजू खाली जातात, मधला भाग वर येतो, म्हणजे आकारच बदलतो.

पुलातही तेच होतं. कमान आणि रस्ता यांच्यामधली जागा दगडमातीने भरतात. माथ्यावर हा भराव पातळ असतो, दोन्ही खांद्यांवर जाड. खांदे फार जड झाले की जोराची रेषा दगडांच्या जाडीबाहेर जाऊ पाहते. दगडांचे सांधे उघडतात, खांदे खाली बसतात आणि माथा वर उचलला जातो.

उपाय

चौथ्या वेळी एडवर्ड्सने प्रत्येक खांद्यात तीन गोल, आरपार भोकं ठेवली. त्यांचा व्यास साधारण ९, ६ आणि ३ फूट. खांद्यांवरचं वजन घटलं आणि जोराची रेषा पुन्हा दगडांच्या आत आली. १७५६ मध्ये १४० फुटांची कमान उभी राहिली. त्या वेळी ब्रिटनमध्ये एवढी लांब दगडी कमान दुसरी नव्हती.

एक अडचण मात्र राहिली. पुलाचा चढ इतका तीव्र होता की भरलेल्या घोडागाड्यांचे हाल व्हायचे. शेवटी १८५७ मध्ये शेजारी दुसरा पूल बांधला. जुना पूल अजून आहे, त्यावरून लोक पायी जातात.

तुमच्या भागात एखादा जुना दगडी पूल असेल, तर तो बाजूने बघा. माथ्यावर भराव किती आणि खांद्यांवर किती, हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.