गांजाने बुद्धी शाबूत राहते?

सायकोसिसची सुरुवात झालेल्या तरुणाला कानात आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्या वाईटावर आहेत असं वाटू लागतं. त्याच काळात त्याची स्मरणशक्ती आणि एकाग्रताही ढळते. तपासणारा माणूस काही शब्द वाचून दाखवतो आणि अर्ध्या तासाने त्यातले किती आठवतात ते विचारतो. अशा चाचण्यांत एक कोडं जगभर दिसलं आहे: गांजा ओढलेले रुग्ण, गांजाला कधीच न शिवलेल्या रुग्णांपेक्षा अनेकदा बरे गुण मिळवतात. मुरात युसेल आणि सहकाऱ्यांनी 2012 साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच आढळलं. यातून निघालेला गैरसमज मोठा गोंडस आहे. गांजा मेंदूला राखतो, आजारातही बुद्धी शाबूत ठेवतो, मग पोराला कशाला अडवा?

या निष्कर्षात कुठे चूक आहे, हे लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला वेगळं समजावावं लागू नये. दगड-मातीच्या जाड भिंतींवर माळवद तोललेली घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यातलं एखादं, भिंत आधीच खचलेलं घर जोराच्या पावसातही बसायचं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि अनेक पावसाळे काढलेली घरंही कोसळली. आता पडलेल्या सगळ्या घरांची यादी केली, तर भूकंपाने पाडलेली घरं पावसाने पाडलेल्या घरांपेक्षा चांगल्या बांधणीची निघतील. म्हणून भूकंपाने बांधणी सुधारते, असं कोण म्हणेल? सायकोसिसचंही तसंच असावं. काहींच्या मेंदूची जडणघडणच नाजूक असते. ते गांजाशिवायही आजारी पडतात आणि त्यांची बुद्धी आजाराच्या आधीपासूनच थोडी मागे असते. दुसरे काही जण मुळात धडधाकट होते, कदाचित आजारी पडलेही नसते. गांजाने त्यांना ढकललं. लॉरा फेरारो आणि सहकाऱ्यांनी 2013 आणि 2019 मध्ये मांडलेले निष्कर्ष याला दुजोरा देतात: गांजा ओढलेल्या रुग्णांचा बुद्ध्यांक इतर रुग्णांपेक्षा जास्त होता आणि आजाराआधी ते माणसांत जास्त मिसळणारे होते. चाचणीत टिकलेली ताकद गांजाची नव्हे, त्या माणसाची. युसेल यांच्या विश्लेषणातही ही सरशी मुख्यतः पूर्वी कधीतरी गांजा ओढलेल्यांच्या अभ्यासांतून आलेली होती, सध्या ओढणाऱ्यांच्या नव्हे.

गांजा खरंच राखण करत असता, तर तो दिल्यावर स्मरण सुधारायला हवं होतं. येल विद्यापीठात दीपक सिरिल डिसूझा यांनी नशा आणणारा घटक, टीएचसी, थेट शिरेतून देऊन पाहिला. निरोगी माणसांतही काही काळ संशय आणि भासासारखे अनुभव आले, शब्द विसरले गेले. 2005 च्या अभ्यासात, औषधांवर स्थिर असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं स्मरण निरोगी माणसांपेक्षाही जास्त घसरलं. 2016 साली ताबेया शोलर यांनी 16 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. सायकोसिस सुरू झाल्यानंतरही गांजा चालू ठेवणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सोडून दिलेल्यांपेक्षा जास्त होतं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: ज्याची बुद्धी जास्त टिकली आहे, त्याच्यापाशी राखण्यासारखंही जास्त आहे.

‘गावात कितीतरी जण चिलीम ओढतात, सगळे कुठे वेडे झाले?’ हा आक्षेप रास्त आहे. बहुतेकांना सायकोसिस होत नाही, हे खरंच. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशननेही वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासून, गांजाच्या माथी मारलेल्या अनेक केसेस गांजामुळे झालेल्या नव्हेतच, असं सांगितलं होतं. पण काही केसेसमध्ये गांजाचा हात त्यालाही मान्य करावा लागला. धोका सर्वांना सारखा नसतो. कोवळं वय, रोजची सवय, घराण्यातला आजार आणि मालातली टीएचसीची मात्रा यांनुसार तो वाढतो. मार्टा दी फोर्टी यांच्या 2019 च्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती, आणि रोज कडक माल ओढणाऱ्यांत पाचपटीच्या जवळ. गांजातल्या सीबीडी या घटकावर औषध म्हणून संशोधन चालू आहे, तेही खरं. पण पुडीतला गांजा म्हणजे सीबीडीची गोळी नव्हे.

‘गांजा बुद्धी राखतो’ याच्या उलट टोकाचा समज मला तितकाच घातक वाटतो: ‘नशेमुळे झालंय, नशा उतरली की ठीक होईल.’ कुणी भानामती म्हणून महिने घालवतो, कुणी नुसतं व्यसन म्हणून. गांजा बंद करूनही आवाज आणि संशय टिकले, तर तो उपचार लागणारा आजार आहे, आणि उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड. मुलाने काय ओढलं, किती आणि शेवटचं कधी, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. पोलिसांच्या भीतीने घरचे नेमकं हेच दडवतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल आणि उपचारांबद्दल गोपनीयतेचा हक्क देतो. सास्तूरला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथून पुढची वाट विचारता येते. आणि रात्री-अपरात्री घरात कुणी बोलायला धजत नसेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.