मार खाणाऱ्याची गोष्ट

मारामारीचा प्रसंग कसा रचावा, हे मराठी माणसाला सिनेमा येण्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीपासून ठाऊक आहे. कोंढाण्याचीच लढाई घ्या. फेब्रुवारी १६७० मधली रात्र, उभा कडा, चढायला दोर. जागा तिथल्या तिथे डोळ्यांपुढे उभी राहते. मग ऐन झुंजीत तानाजीची ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर हाती आली नाही, हे सभासदाच्या बखरीतही आहे. तानाजी डाव्या हातालाच शेला गुंडाळतो आणि त्यावर वार झेलतो. पुढे तो पडल्यावर मावळे मागे फिरतात, तेव्हा दोर कापून टाकल्याचं त्याचा भाऊ सूर्याजी सांगतो. तुळशीदास शाहिरापासून शाळेतल्या बाईंपर्यंत ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट सांगितली, त्यांनी तानाजीने किती माणसं कापली याचा हिशेब फारसा दिला नाही. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो शेला गुंडाळलेला हात.

अ‍ॅक्शन प्रसंग का रंगतो आणि का पडतो, याचं माझ्या मते अर्धंअधिक उत्तर त्या हातात आहे. मारणारा कितीही तगडा असो, प्रसंग उभा राहतो तो मार खाणाऱ्यामुळे. वार कुठे बसला, त्याने काय गेलं आणि एवढं होऊनही माणूस उभा कसा, हे दिसलं की प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण मला लवकर मुळशीत पोचायचंय. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरच्या या मूकपटात रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला होता आणि विशीतल्या शांतारामबापूंनी म्हाताऱ्या शेलारमामाची भूमिका केली होती. मूकपटांच्या काळात तलवारबाज नायक म्हणून मास्टर विठ्ठल गाजले. पुढे ‘आलम आरा’चे नायकही तेच. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने नादिया घरोघरी पोचली. मास्टर भगवान यांनी स्टंटपटांची रांग लावली. नंतर वीरू देवगण यांच्यासारखे फाइट मास्टर आले, तारा आल्या, संगणक आला. २०२० च्या ‘तान्हाजी’त तोच कोंढाणा थ्रीडीत दिसला.

आता मुळशी. पुण्याबाहेर पडताना चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, पुढे धरण आणि ताम्हिणी. भाताची खाचरं, पावसाळ्यात धो धो पाणी, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचं दुखणं. टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो इथेच. पुढे हिंजवडीत आयटी पार्क आलं, तेही याच तालुक्यात. गुंठ्याला भाव आला, पैसा आला, गाड्या आल्या, आणि काही घरांतून पैसा जसा आला तसाच निघून गेला. मुळशीच्याच प्रवीण तरडे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ आणला तो या घरांवर. मोहन जोशींनी केलेला बाप जमीन घालवून बसतो, घर मार्केट यार्डातल्या हमालीवर येतं आणि पोरगा राहुल गुन्हेगारीत शिरतो.

हा चित्रपट मी वारंवार पाहिला आहे आणि दर वेळी माझी नजर कोयत्यावर जाते. मराठी पडद्याला तलवारीची सवय होती. तलवारीला लांबी असते, वार अडवता येतो, दोघांना समोरासमोर उभं राहून पवित्रे घेता येतात. दांडपट्ट्याचं तर शास्त्रच वेगळं. पात्याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते, कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, मनगट वळत नाही. त्यामुळे सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून घ्यावा लागतो. तो दाखवायचा तर कॅमेरा लांबच हवा. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ मैदानात बसून पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. आपले दिग्दर्शक मात्र पट्टेकऱ्याच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेतात आणि सगळी विद्या चौकटीबाहेर ठेवतात.

कोयता याच्या अगदी उलट. हे ऊस तोडायचं, फांद्या छाटायचं हत्यार. पातं आखूड, वजन पुढे. त्याने वार अडवता येत नाही, पवित्रा घेता येत नाही. मारायचं तर अंगाला अंग लागेल इतकं जवळ जावं लागतं आणि ज्याला मारायचं तो तोवर पळालेला असतो. म्हणून कोयत्याची मारामारी म्हणजे खरं तर पळापळ. तिथे फाइट मास्टरच्या हाती उरतात ते पाय, दम आणि गल्लीबोळ. ‘मुळशी पॅटर्न’मधली हिंसा अंगावर येते ती या आखूडपणामुळे. त्यात कसरत नाही, घाई आहे. राहुल झालेला ओम भूतकर नाटकातला नट, ‘सुखन’सारखी उर्दू शायरीची मैफल रंगवणारा. त्याच्याकडे पिळदार दंड नाहीत. त्याच्या तोंडावर माज दिसतो आणि माजाच्या खाली भीती दिसते. हाच माणूस पुढच्या वळणावर मरू शकतो, असं वाटत राहतं. चित्रपटात मला खटकतं ते ‘आरारारा खतरनाक’सारख्या गाण्यांतलं संथ गतीतलं मिरवणं. मारामाऱ्या जे सांगतात त्याच्या विरुद्ध ते सांगतं, आणि मिरवणुकांमध्ये वाजलं ते गाणंच. हल्ली कोयता डांबरी रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत चालणारे गुंडही पडद्यावर दिसतात. ज्याने एक दिवस जरी ऊस तोडला आहे, तो धार अशी दगडावर घालवणार नाही.

पण माझं खरं प्रेम आहे ते फायटरांवर. नायकाभोवती गोल करून उभे राहणारे, एकेक करून उडणारे, ज्यांची नावं पाट्यांमध्ये भरभर सरकून जातात ते. पिरंगुटच्या पुढे एका शेतात चित्रीकरण चाललं होतं, तेव्हा अशाच एका वयस्क फायटरशेजारी बसून मी दिवसभर बघत होतो. ठोसा हनुवटीपासून चांगला वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवतात. मग मूठ आणि चेहरा एका रेषेत येतात आणि मधलं अंतर दिसेनासं होतं. लांब पल्ल्याची लेन्स लावली तर ते आणखी दबतं. इथपर्यंत सगळं यंत्राचं. पुढचं काम मार खाणाऱ्याचं. मूठ चेहऱ्यासमोरून जाईल त्या क्षणी मान फिरली पाहिजे. सेकंदाला चोवीस चौकटी जातात. मान दोन-तीन चौकटी उशिरा फिरली, तर काय चुकलं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. आधी फिरली तर हसूच येतं.

त्या फायटरचं म्हणणं होतं की पडणं पायांतून सुरू होतं. ठोसा तोंडावर लागला तरी आधी गुडघा सुटला पाहिजे, मग कंबर, मग खांदा. नवीन पोरं पाठीतून एकदम पडतात आणि ते गादीवर पडल्यासारखं दिसतं, मग खाली गादी असो वा नसो. पडताना हनुवटी छातीशी, पाठ गोल, तळहात जमिनीवर आपटलेले. उंचावरून उडी असेल तर खाली रिकामे खोके रचतात. ते दबत जातात आणि हिसका खातात. दुपारच्या जेवणानंतर त्याने एका तरुण पोराला एकच पडणं पुन्हा पुन्हा करायला लावलं. कॅमेरा बंद होता, नायक व्हॅनमध्ये होता, आणि तिथे त्या सगळ्या चित्रपटातली सगळ्यात चांगली मारामारी मी पाहिली.

खरोखर मारलं की जास्त खरं दिसतं, हा समज मात्र घातक आहे. १९४२ च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती फार जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेच्या भूमिका सुटल्या. येवल्याच्या या थोर अभिनेत्रीने त्याच डोळ्याच्या बळावर पुढे कजाग सासवा अजरामर केल्या, पण एका थपडेची ती किंमत नव्हे. ‘शोले’तली टांग्याची दौड आठवा. हेमामालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या आणि त्या दृश्यात त्यांना दुखापतही झाली. कितीतरी वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांच्यावर ‘द शोले गर्ल’ आला. तो आपल्या आदित्य सरपोतदारांनी दिग्दर्शित केला, याचा मला फार आनंद झाला होता. त्याच ‘शोले’चा रेल्वेवरचा हल्ला पनवेलजवळ, मुंबई-पुणे मार्गावर चित्रित झाला आणि त्याला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला. मराठी चित्रपटात अख्ख्या मारामारीला जेमतेम दोन दिवस मिळतात. घाईत रचलेली मारामारी मग संकलकाच्या टेबलावर वाचवायची धडपड होते. सेकंदाला दोन-दोन कट, हलता कॅमेरा, कोण कुठे आहे त्याचा पत्ता नाही. वेग वाढतो आणि प्रसंग मरतो.

कुरोसावाने ‘सेव्हन समुराय’मध्ये (१९५४) यावर कायमचा तोडगा दाखवून ठेवला आहे. गावाचा नकाशा आधी समजावून दिला जातो. दरोडेखोर चाळीस. म्होरक्या सामुराई कागदावर तेवढी वर्तुळं काढतो आणि एकेक मेला की एकेक खोडतो. शेवटी धुवांधार पावसात, चिखलात एकच कल्लोळ माजतो, तरी बघणाऱ्याचा हिशेब चुकत नाही. आपल्याकडे पावनखिंडीच्या गोष्टीत हे सगळं आयतं आहे. अरुंद खिंड, मोजकी माणसं, आणि विशाळगडावरून तोफांचे बार होईस्तोवर टिकायचं. दिग्पाल लांजेकरांच्या ‘पावनखिंड’मध्ये (२०२२) अजय पूरकरांचे बाजीप्रभू थकतात ते मला भावतं. हात जड होतो, श्वास लागतो. संथ गतीचा मोह थोडा आवरला असता तर ती खिंड आणखी अरुंद वाटली असती.

थकव्यावरून भूगाव आठवलं. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा तिथे भरली होती. अंतिम लढतीत पुण्याच्या अभिजित कटकेने साताऱ्याच्या किरण भगतला हरवलं. मी गर्दीत होतो. कुस्तीचा बराचसा वेळ दोन्ही मल्ल डोक्याला डोकं लावून, मानेवर हात टाकून जवळजवळ थांबलेले असतात. काही घडत नाही आणि सगळं मैदान उठून उभं राहतं, कारण पट केव्हाही निघेल. सिनेमावाले हा थांबलेला वेळ कापून टाकतात आणि नुसते डाव ठेवतात. डाव क्षणाचा असतो. जीव टांगलेला असतो तो त्या आधीच्या रेट्यात. तालमीतल्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ का ठेवतात, हे कुठल्याही वस्तादाला विचारा. तिथेही पहिला धडा पडण्याचाच.

‘मुळशी पॅटर्न’चं हिंदी रूप, महेश मांजरेकरांचं ‘अंतिम’, २०२१ मध्ये आलं. पोलीस अधिकारी सलमान खान, राहुल्या आयुष शर्मा. दोघंही उघड्या अंगाने भिडतात असा प्रसंग त्यात आहे. पैसा, प्रकाश, शरीरं, कशात उणं नाही. तरी तो मला भिडला नाही. सलमानला काही होणार नाही, हे तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. ज्याला लागू शकत नाही त्याची मारामारी किती बघायची? मूळ चित्रपटात उपेंद्र लिमये यांचा इन्स्पेक्टर कडू दंड दाखवत नाही, नजर रोखतो आणि डोकं चालवतो, आणि त्याचा धाक जास्त वाटतो.

आवाजाबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल. एवढंच सांगतो की ‘सैराट’च्या शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाज काढून घेतला, आणि ढिशुम-ढिशुमवर वाढलेली थिएटरं गप्प झाली.

स्फोटाचंही तसंच. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे चांदणी चौकातला जुना पूल सुमारे सहाशे किलो स्फोटकं लावून पाडला. अवघं पुणे टीव्हीपुढे जागं होतं. धप्प आवाज, धुळीचा लोट, आणि धूळ बसल्यावर पुलाचा बराचसा सांगाडा जागच्या जागी. उरलेलं काम यंत्रांनी केलं. लोक हिरमुसले, कारण सिनेमाने त्यांना आगीचे गोळे दाखवून ठेवले आहेत. ते गोळे पेट्रोलचे असतात. खऱ्या स्फोटात धूळ असते, आणि ती धूळ बसेपर्यंतचा वेळ. पुढे काय दिसणार हे कुणालाच माहीत नसलेले ते काही क्षण एखाद्या दिग्दर्शकाने तसेच्या तसे उचलायला हवेत.

आणि मुळशीतला एक पाठलाग अजून कुणी केलेला नाही, तो मला बघायचाय. पिरंगुटच्या कारखान्यांपाशी सुरुवात, मालट्रकांच्या गर्दीत, जिथे वेग घेताच येत नाही. मग पौडचा बाजार, तिथे गाड्या सोडून पायी. पुढे धरणाच्या कडेचा मोकळा रस्ता, जिथे लपायला जागा नाही, म्हणून दोघांमधलं अंतर एका लांब शॉटमध्ये नीट दिसेल. शेवट ताम्हिणीत, जुलैमधल्या धुक्यात. तिथे ते अंतर दिसेनासं होईल आणि पळणाऱ्याला मागच्याचे नुसते पाय ऐकू येतील. नायक घोट्यात दुखावलेला असावा, आणि ती दुखापत पौडच्या बाजारातच झालेली आपण पाहिलेली असावी. फाइट मास्टरला किमान तीन आठवडे द्यावेत, पाऊस खरा असावा, आणि फायटरांची नावं पाट्यांमध्ये वाचता येतील इतक्या हळू सरकवावीत.