अदृश्य दिग्दर्शक : हर्बर्ट ग्राफ

ऑपेरा म्हटला की गायकाचे नाव प्रथम ओठांवर येते, मग संगीतरचनाकाराचे. रंगभूमीवर कोणी कोठून यावे, कोठे थांबावे, हे ठरविणारा दिग्दर्शक बहुधा विस्मृतीत जातो. हर्बर्ट ग्राफ यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत स्वतःला ‘अदृश्य मनुष्य’ म्हणविले, ते याच अर्थाने.

ग्राफ यांचा जन्म १९०३ साली व्हिएन्ना येथे झाला. त्याच वर्षी तेथील दरबारी ऑपेरागृहात माहलर आणि चित्रकार रोलर यांनी वाग्नरचा ‘ट्रिस्टान’ नव्या नेपथ्यासह सादर केला, आणि दृश्य हेही संगीताचेच अंग होय, हा विचार रूढ होऊ लागला. वडील माक्स ग्राफ हे नामांकित संगीतसमीक्षक. फ्रॉइड यांच्या १९०९ सालच्या प्रबंधातील, घोड्यांना भिणारा ‘छोटा हान्स’ म्हणजे हेच बालक, ही गोष्ट मात्र जगाला फार उशिरा कळली.

विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो ‘दिग्दर्शक वाग्नर’ या विषयावर. हे विद्वत्तेचे अंग पुढे प्रत्यक्ष कामातही उतरले. बोलक्या नाटकात संवादाची गती नट ठरवितो. ऑपेरात प्रत्येक विरामाचा काळ रचनाकाराने आधीच बांधून दिलेला असतो. म्हणून स्वरलिपी वाचता येणे ही दिग्दर्शकाची पहिली पात्रता ठरते. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’तील पहिल्या अंकाचा शेवट पाहावा. तेथे रंगमंचावरील तीन वाद्यवृंद तीन निरनिराळ्या तालांत एकाच वेळी तीन नृत्ये वाजवितात : उच्चकुलीनांसाठी मिन्युएट, सरदार आणि खेडुत तरुणी यांच्यासाठी दुसरे, नोकर आणि तिचा भावी पती यांच्यासाठी तिसरे. समाजातील थर संगीतातच मांडलेले आहेत; ते प्रेक्षकाच्या डोळ्यांना वेगळे दिसतील अशी पात्रयोजना करणे हे दिग्दर्शकाचे काम. फुर्टव्हेंगलर यांच्या संगीतसंचालनाखाली ग्राफ यांनी साल्झबुर्ग येथे बसविलेला हा ऑपेरा १९५४ साली चित्रपटबद्ध झाला, त्यामुळे त्यांची कामगिरी आजही पाहता येते.

म्यून्स्टर, ब्रेस्लाऊ आणि फ्रांकफुर्ट येथे त्यांची उमेदवारी झाली. फ्रांकफुर्ट येथे १९३० साली त्यांनी शोनबर्गचा ‘आजपासून उद्यापर्यंत’ प्रथम रंगभूमीवर आणला. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि ज्यू वंशाच्या ग्राफ यांना जर्मनी सोडावी लागली. साल्झबुर्ग येथे टोस्कानिनींबरोबर १९३६ व १९३७ साली त्यांनी काम केले. पण त्यांची कर्मभूमी झाली अमेरिका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात १९३६ पासून जवळजवळ पाव शतक ते दिग्दर्शक होते.

तेथे त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. युरोपात ऑपेराला राजाश्रय होता आणि पुढे नगराश्रय लाभला; अमेरिकेत तो श्रीमंतांचा षौक समजला जाई. ‘लोकांसाठी ऑपेरा’ या १९५१ सालच्या ग्रंथात त्यांनी यावर विचार मांडला. श्रोत्यांना कळणारी भाषा, तरुण गायकांचे शिक्षण आणि गावोगावची रंगगृहे यांवाचून ही कला रुजणार नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा. पुढे झुरिक येथे, आणि १९६५ पासून जिनीव्हाच्या मोठ्या नाट्यगृहात, संचालक या नात्याने त्यांनी काम पाहिले. तेथेच १९७३ साली त्यांचे निधन झाले.

संगीताचा अर्थ नीट प्रकट झाला की तो प्रकट करणारा डोळ्यांआड व्हावा, हेच या व्यवसायाचे यश आणि हीच त्याची खंतही. पाठ रंगला की शिक्षक विसरला जातो. आमच्या वाचकांना ही अवस्था नवी वाटू नये.