‘काही नाही, घरीच असते!’

“बाई काय करतात?”
“काही नाही. घरीच असते.”

दवाखान्यातल्या टेबलावर कागद भरणाऱ्या मुलाने विचारलं आणि आमच्या आक्काच्या नवऱ्याने पटकन उत्तर दिलं. आक्का बाकड्यावर बसलेली. उजवं मनगट सुजून भाकरीएवढं झालेलं, पदरात धरलेलं. तिनेही मान हलवली. खरं सांगते मैत्रिणींनो, मी शेजारीच उभी होते आणि त्या वेळी मलाही त्या उत्तरात काही वावगं वाटलं नाही!

आक्का आमच्या बचत गटातली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अशी एखादी आक्का असतेच. पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढायच्या, डेअरीवर दूध घालायचं, दहा माणसांच्या भाकरी थापायच्या, मग रानात जायचं. घरचं काम नसेल त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात रोजाने. २०२४ च्या दसऱ्याआधी सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. संध्याकाळी ती फाट्यावरून रस्त्याच्या कडेने घरी येत होती. मागून मोटारसायकल आली आणि तिला उडवून गेली. पानटपरीवाल्याने तिला उचललं, गाडीही ओळखली. पोरगं शेजारच्याच गावचं निघालं.

झालं! आम्ही दवाखान्यात पोहोचायच्या आत चार जाणती माणसं तिथे हजर. “आपल्यातलंच लेकरू आहे. पोलिसात गेलं तर त्याचं नोकरीचं वाटोळं होईल. हाडच मोडलंय ना, बसंल की महिनाभरात!” पाच हजार रुपये हातावर ठेवले गेले. डॉक्टरांना काय सांगायचं तेही ठरलं. कागदावर लिहिलं गेलं, ‘घरात पाय घसरून पडल्याने दुखापत’. मी तिथेच होते. मी काही बोलले नाही. गावात राहायचं आहे, वाईटपणा कशाला घ्या, असं माझ्याही मनात आलं. पंधरा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते म्हणवणारी मी!

महिनाभरात हाड काही ‘बसलं’ नाही. आधी एका हाड बसवणाऱ्याकडे लेप आणि पट्टी झाली. मनगट वाकडं जुळतंय असं दिसल्यावर शहरात ऑपरेशन, आत प्लेट. पाच हजार पहिल्या आठवड्यातच संपले होते. पुढचा खर्च एक म्हैस विकून झाला. नववीतली लेक भाकरी थापायला घरी राहिली. धारा काढायला जाऊबाईची मनधरणी. आणि ज्या बाईबद्दल आपण ‘काही करत नाही’ म्हणालो, तिचा एक हात थांबला तर अख्खं घर थांबलं!

संक्रांतीला आमच्याकडे हळदी-कुंकू होतं. मी वाण पुढे केलं तर आक्काने डावा हात पुढे केला. मग ओशाळून म्हणाली, “ताई, उजव्याने धरवत न्हाई वो. निसटतंय.” त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाऊन ओळखीच्या वकीलताईंना गाठलं. तिथे मला जे कळलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. म्हणून आज हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत ‘किरकोळ दुखापत’ नाहीच. हाड मोडणं, निखळणं, अगदी दात तुटणंसुद्धा ‘गंभीर दुखापत’ धरली जाते. जुन्या भारतीय दंड संहितेत ते कलम ३२० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ मध्ये आहे. ‘हाडच मोडलंय ना’ असं म्हणणाऱ्या जाणत्यांना हे कुणी सांगायचं?

दुसरी गोष्ट पैशांची. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यातल्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये अशी ठरलेली रक्कम आहे. चूक कोणाची हे इथे सिद्ध करावं लागत नाही. दुसरा रस्ता कलम १६६ चा. तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण जेवढं खरं नुकसान झालं तेवढं मागता येतं. एक मात्र लक्षात ठेवा, कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. म्हणून कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी वकिलाला विचारा.

आणि धडक देणारी गाडी पळून गेली, सापडलीच नाही तर? तरीही हात हलवत परत यायचं कारण नाही. अशा अपघातात गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज कोर्टात नव्हे, तर उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.

“पण त्या पोराच्या बापाकडे कुठले पैसे?” आक्काचा पहिला प्रश्न हाच! बायकांचा जीव असा. स्वतःचा हात गळ्यात बांधलेला, आणि काळजी दुसऱ्याच्या पोराची. वकीलताई हसल्या. म्हणाल्या, “मावशी, गाडीचा विमा सक्तीचा कशासाठी केलाय? विमा आणि लायसन चालू असेल तर पैसे कंपनी भरते, त्याचा बाप नाही.” गाडीच्या नंबरवरून विमा तपासला. चालू होता. म्हणजे ज्या बापावर दया दाखवून आपण गप्प बसलो, त्याच्या खिशाला हात लागणारच नव्हता! पोरावर गुन्हा नोंदला जातो, कोर्टाच्या तारखा होतात, हे खरं आहे. ते मी लपवत नाही. पण त्याची किंमत आक्काच्या हाताने का चुकवायची?

तिसरी गोष्ट मुदतीची. नव्या तरतुदीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. मुदत उलटून गेली असेल तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी न बसता वकिलाला विचारावं. आक्काचे साडेतीन महिने तर गेलेच होते. पोलिसात तक्रार दिली तेव्हा “इतके दिवस काय करत होतात?” हे ऐकावं लागलं. घाबरतच खरं कारण लिहून दिलं. वकीलताईंनी धीर दिला, की केवळ तक्रार उशिरा दिली म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. उशिराचं पटणारं कारण मात्र द्यावं लागतं.

मग अर्ज भरायला बसलो. आणि पुन्हा तोच रकाना आला. व्यवसाय?

आक्काचा नवरा सवयीने म्हणाला, “घरकाम.” वकीलताईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “दादा, म्हशीच्या धारा कोण काढतं? डेअरीचं कार्ड कोणाच्या नावावर आहे? रोजाने कोण जातं? ते सगळं सांगा. आणि घरकामालाही किंमत आहे बरं!”

ही किंमत कोर्टाने कशी ठरवली, तेही ऐकण्यासारखं आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना तीन हजार रुपये धरलं. पुढे २०२१ च्या जानेवारीत दिल्लीतल्या एका अपघाताच्या निकालात न्यायालयाने सरकारी पाहणीचाच आकडा पुढे ठेवला. २०१९ च्या त्या पाहणीत घरच्या बिनपगारी कामासाठी बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. गृहिणी घरात ‘काही करत नाही’ ही समजूतच चुकीची आहे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आणखी एका प्रकरणात सांगितलं, की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी धरताच येणार नाही. देशाचं सर्वोच्च न्यायालय असं म्हणतंय, आणि आपण मात्र दवाखान्याच्या टेबलाशी उभ्या राहून म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते!’

अपंगत्वाचा दाखला मिळाला की टक्क्यांवरून हिशेब होतो, असं आपल्याला वाटतं. तेही अर्धंच खरं. डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडलेल्या एका माणसाच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने समजावून सांगितलं, की हाताचे किंवा पायाचे टक्के म्हणजेच कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई बुडेल, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच बुडणार नाही. म्हणून जखमी माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, हे नीट मांडावं लागतं. आक्काच्या अर्जात आम्ही लिहिलं की धार काढता येत नाही, विळा धरता येत नाही, कणीक मळता येत नाही, भरलेली घागर उचलता येत नाही. औषधोपचार, येण्या-जाण्याचा खर्च, पौष्टिक आहार, बुडालेली मजुरी, पुढची कमाई आणि सोसलेल्या वेदना, हे सगळे वेगवेगळे रकाने आहेत, हेही तेव्हाच कळलं. मिळालेले पाच हजारही आम्ही लपवले नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये, मुदत संपायच्या आत, दावा दाखल झाला.

त्याला महिनाही झाला नव्हता आणि ४ एप्रिल २०२५ ला आपल्या जिल्ह्यावर आकाश कोसळलं. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत गेला. सात जणींचा जीव गेला. त्या दिवसापासून रस्त्याने बायांनी भरलेली ट्रॉली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो. माणसं न्यायला नव्हता, असं म्हणून कंपनी अनेकदा हात वर करते आणि भरपाईचा भार मालकावर जातो. म्हणून बाया घेऊन जाणाऱ्या शेतमालकांनी आपला विमा काय-काय सांभाळतो, हे एकदा विचारून घ्यावं. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो, हेही लक्षात ठेवा.

आता सांगायच्या त्या चार गोष्टी सांगते. कात्रण करून कपाटाच्या दाराला चिकटवलं तरी चालेल!

अपघात झाला की डॉक्टरांना खरं तेच सांगा. ‘घसरून पडले’ हे एक वाक्य वर्षानुवर्षं नडतं. हाड मोडल्यासारखं वाटलं तर आधी सरकारी किंवा नोंद ठेवणाऱ्या दवाखान्यात जा, लेपाचा कागद मिळत नाही. गाडीचा नंबर आणि पाहणाऱ्या माणसाचं नाव लिहून ठेवा. एक्स-रेच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, रिक्षाची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत. पोलिसांकडून तक्रारीची आणि पंचनाम्याची प्रत मागा. नव्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवायचा असतो. आणि वकिलाच्या फीची भीती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

आक्काच्या दाव्याचं काय झालं? अजून तारखा चालू आहेत. विमा कंपनीच्या वकिलाने पहिल्याच झटक्यात तो ‘घरात पाय घसरून’चा कागद पुढे केला. आमची मदार आता पानटपरीवाल्याच्या साक्षीवर आहे. तो म्हणतो, “येतो ताई. म्या उचललंय तिला.” किती मिळेल, कधी मिळेल, ठाऊक नाही. त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं तर हा कागदच झाला नसता, ही टोचणी मला आहेच.

पण परवाची गोष्ट सांगते. हात दाखवायला आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. टेबलावरच्या मुलाने विचारलं, “काय करतात बाई?” नवऱ्याने तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, “लिही बाबा. शेती, मजुरी, म्हशी. आन् घरचं समदं.”

मुलगा म्हणाला, “एवढं बसत नाही रकान्यात.”

“मंग खाली लिही,” आक्का म्हणाली.