जुहूमार्गे जगाकडे

1980च्या दशकात ईमेलच्या पत्त्यात माणसाचे नाव अनेकदा सगळ्यात शेवटी येई. आधी लिहायची ती वाट: पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जायचे त्यांची नावे, मध्ये उद्गारचिन्हे. परदेशातून मुंबईच्या संशोधकाला लिहायचे तर ‘यूयूनेट!शक्ती!यंत्र!व्यक्ती’ असा काहीसा पत्ता. यूयूनेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, शक्ती जुहूला. ‘अंधेरीला उतरा, पश्चिमेला या, तिथून बस धरा’ असाच हा प्रकार. फक्त वाटेत कुणाला विचारायची सोय नव्हती.

शक्ती हे यंत्र ‘एनसीएसटी’ या सरकारी संस्थेचे. ‘टीआयएफआर’ या संशोधन संस्थेतून 1985 साली वेगळ्या झालेल्या या संस्थेचे संचालक होते श्रीनिवासन रमणी. 1986 साली इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘एर्नेट’ हे जाळे हाती घेतले आणि पहिली पत्रे धावली ती उपनगरांतच, जुहू ते पवईची आयआयटी. साधा फोन आणि मोडेम. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साचलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. लाइन तुटली की पुन्हा डायल. पुढचा फोन लागेपर्यंत पत्र डिस्कवर पडून.

1989च्या सुमारास अमेरिकेपर्यंत भाड्याची लाइन आली, सेकंदाला 9600 बिट. म्हणजे जेमतेम 1200 अक्षरे. आजच्या मोबाइलमधला तीन एमबीचा एक फोटो तिच्यावरून जायला चाळीस मिनिटे लागली असती, आणि तोवर एर्नेटचे परदेशी टपाल त्याच्यामागे खोळंबले असते.

खरी गंमत असे उद्गारचिन्हांचे आणि ‘@’चे पत्ते मिसळले की होई. ‘शक्ती!अमुक@यूयूनेट’ असे लिहिले तर एक यंत्र पत्र आधी शक्तीकडे धाडी, दुसरे आधी यूयूनेटकडे. दोघांचेही नियमाने बरोबर! ब्रिटिश विद्यापीठे तर देश आधी आणि संस्था नंतर लिहीत. मला ती रीत जास्त शहाणपणाची वाटते, कारण श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 1972 साली दिलेला आपला पिनकोडही तसाच, मोठ्याकडून लहानाकडे जातो. जगाने उलटी रीत उचलली.

वाट शोधायचे काम हळूहळू माणसाकडून यंत्रांकडे गेले. नुसते नाव पुरू लागले. भारताचे ‘.इन’ 1989 साली नोंदले गेले. त्याचा कारभारही जुहूहूनच चाले. 2003 साली एनसीएसटी ‘सी-डॅक’ या दुसऱ्या सरकारी संस्थेत विलीन झाली, तरी 2005 उजाडेपर्यंत ती नोंदवही तिथेच होती.