चाहत्यांची निष्ठा

आपला संघ जिंकला, तर प्रेक्षकाच्या पदरात काय पडते? व्यवहाराच्या हिशेबाने पाहिल्यास काहीच नाही. तरीही तो उन्हापावसात तिकिटासाठी तिष्ठत उभा राहतो. श्रोतेहो, या कोड्याचा उलगडा कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये सापडतो.

१९११ साली मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीला २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड पटकावली. पारतंत्र्यात पिचलेल्या जनतेला तो विजय स्वतःचाच वाटला. पुढे १९४७ च्या फाळणीमुळे पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले. घरदार मागे राहिले होते. परंतु १९२० साली स्थापन झालेल्या ईस्ट बेंगॉल क्लबच्या नुसत्या नावात त्यांना आपला हरवलेला मुलूख भेटला. मोहन बागान जिंकला की कोळंबीला आणि ईस्ट बेंगॉल जिंकला की हिलसा माशाला मान! चाहत्याची निष्ठा म्हणजे आपलेपणाची भूक होय.

ही भूक आंधळी झाली की अनर्थ ओढवतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला रक्तदान केले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण महिला डॉक्टरच्या हत्येने शहर हादरले असता या संघांचा सामना रद्द झाला. तेव्हा दोन्हीकडचे चाहते न्यायासाठी एकत्र रस्त्यावर उतरले.

प्रतिस्पर्धी हा शत्रू नव्हे. तो नसेल तर आपल्या निष्ठेलाही अर्थ उरणार नाही.